डर्बीला चाललोय, तिकडचे जुने वाडे-बागा बघायच्यात (आणि आमच्या मालगुजारी वाड्याचं काय करू?)

उमरेडरोडवाला (फेब्रुवारी)

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसताच वाचतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मुलगी इंग्लंडात डर्बीला असते. मे-जूनमध्ये आम्ही दोघं सात आठवडे तिच्याकडे आहोत. लंडन वगैरे जावईबापू दाखवणारच, पण मला मनापासून बघायचेत ते तिकडचे खेड्यापाड्यातले जुने मोठाले वाडे, कंट्री हाऊस म्हणतात ते, आणि त्यांच्या बागा. बायको म्हणते इथला वाडा पडायला आलाय आणि तुम्ही तिकडचे बघायला निघालात. म्हणजे तिचं खरं आहे, पण म्हणूनच बघायचेत.

तर आमचा वाडा. उमरेडच्या पुढे गाव आहे, नाव नको. पणजोबा मालगुजार (गावचे जमीनदार) होते, दोन चौकांचा वाडा, सागवानी खांब, वर माडी, कवेलूचं (कौलारू) छप्पर, मागे बाग आणि मोटेची विहीर. १९५१ ला मालगुजारी गेली, मग हळूहळू शेती वाटली गेली, माणसं नागपूर-पुणे-अमेरिका झाली, आणि आता वाड्यात एक म्हातारे काका आणि त्यांची गाय राहते. मागचा चौक अर्धा पडलाय. बागेत बकुळ, कवठ, दोन चिकू आणि एक सोनचाफा एवढे तग धरून आहेत, बाकी सगळं रान. सातबारावर आणि घराच्या कागदावर मिळून आम्ही चौदा हिस्सेदार. एक लेआउटवाला (प्लॉट पाडून विकणारा) दोनदा येऊन चहा पिऊन गेला.

गेल्या दिवाळीत एका ठेकेदाराला दाखवलं तर तो म्हणाला सगळा जुना चुना खरवडून सिमेंटचं प्लास्टर मारू, कवेलू काढून टीन टाकू, खाली टाइल्स, चकाचक करून देतो. मला काहीतरी चुकतंय असं वाटलं पण काय ते सांगता येईना.

विचारायचं एवढंच की डर्बीच्या आसपास काय बघावं, आणि बघताना नक्की कशाकडे बघावं? नुसते झुंबर बघून फोटो काढून यायचं नाहीये.

---

चिंचभवन_ते_नॉटिंगहॅम

काका, डर्बी म्हणजे तुम्हाला लॉटरीच लागलीय! मी सहा वर्षं नॉटिंगहॅमला होते, दर शनिवारी नवऱ्याला ओढत नेऊन एकेक वाडा बघितलाय (तो बिचारा फक्त कॅफेतल्या स्कोनसाठी यायचा).

आधी एक समजून घ्या. तिकडे नॅशनल ट्रस्ट नावाची संस्था आहे, १८९५ मध्ये तीन जणांनी काढली, ऑक्टाव्हिया हिल ही त्यातली एक. सरकारी नाही, वर्गणी आणि देणग्यांवर चालते, पन्नास लाखांवर सभासद आहेत. १८९६ मध्ये त्यांनी पहिलं घर घेतलं ते १० पौंडाला, एका पाद्रीबाबाचं गवती छपराचं जुनं घर, राजवाडा नाही काही. १९०७ च्या कायद्याने त्यांना असा अधिकार मिळाला की जी मालमत्ता ते 'अविक्रेय' म्हणून जाहीर करतील ती पुढे विकता किंवा गहाण ठेवता येत नाही. मोठे वाडे त्यांच्याकडे आले ते नंतर, १९३० च्या पुढे, जेव्हा मालकांना कर भरणं झेपेना. मुलीला आत्ताच सांगा सभासद व्हायला, कुटुंबाचं घ्यायचं, सात आठवड्यांत कधीच वसूल होतं.

आता नंबर एक, डोळे मिटून: कॅल्क अॅबी. डर्बीपासून पंधरा-सोळा किलोमीटर. तुमच्यासाठी बाकी काही नाही बघितलं तरी चालेल पण हे बघाच. १७०१ ते १७०४ मध्ये बांधलेलं घर, हार्पर क्रू नावाचं घराणं, पिढ्यान्‌पिढ्या एकलकोंडे, कोणाला घरी बोलवायचे नाहीत आणि काही फेकायचे नाहीत. वीज घेतली ती १९६२ मध्ये! १९८१ ला मालक वारले, मृत्यूनंतरचा कर एवढा की भरणं अशक्य, शेवटी १९८५ ला घर ट्रस्टकडे आलं. आणि ट्रस्टने काय केलं माहितेय, काहीच चकाचक केलं नाही. छप्पर गळत होतं ते थांबवलं, भिंती पडत होत्या त्या धरल्या, पण उडालेला रंग तसाच, फाटलेला वॉलपेपर तसाच, खोल्यांत पेंढा भरलेले प्राणी-पक्षी, मोडक्या खुर्च्या, खेळणी, सगळं सापडलं तसं ठेवलं. आत गेलं की आजोळी माळ्यावर गेल्यासारखं वाटतं. मला तर रडूच आलं होतं आणि का ते नवऱ्याला सांगता येईना.

तिथे एक पलंग आहे, चिनी रेशमाचा, अठराव्या शतकातला. तो आला तेव्हापासून पेट्यांत बांधूनच होता, कधी लावलाच नाही. त्यामुळे त्याचे रंग इतके ताजे की काल विणल्यासारखे. तो बघितल्यावर कळतं की उजेड कापडाचं काय करतो. म्हणूनच बाकी घरांत पडदे अर्धे ओढलेले असतात, लोक म्हणतात किती अंधार, पण रेशमा-सुतासाठी ५० लक्स (उजेड मोजायचं माप) एवढाच उजेड ठेवायचा असतो.

मग केडलस्टन हॉल, डर्बीच्या अगदी बाहेर, आठ किलोमीटर असेल. रॉबर्ट अॅडम ह्या वास्तुकाराचं काम, अलाबास्टर दगडाच्या खांबांचा हॉल. हे आपल्या लॉर्ड कर्झनचं घर बरं का. कलकत्त्याचं राजभवन ह्याच घराच्या आराखड्यावरून बांधलं, १८०३ मध्ये पुरं झालं, आणि मग ह्याच घरातला पोरगा तिथे व्हाइसरॉय म्हणून राहायला गेला.

हार्डविक हॉल थोडा लांब आहे, १५९० च्या दशकातला, बेस नावाच्या बाईने बांधलेला, चार लग्नं केली आणि दर वेळी जास्त श्रीमंत झाली. गच्चीच्या मनोऱ्यांवर स्वतःची आद्याक्षरं दगडात कोरून ठेवलीत, लांबून दिसतात. तिथल्या तेरा मोठ्या विणलेल्या पडद्यांचं जतन करायला २४ वर्षं लागली, १९९९ ते २०२३. चोवीस वर्षं काका! आणि आपण ठेकेदाराला विचारतो दिवाळीपर्यंत होईल का.

चॅट्सवर्थ हा वाडा नॅशनल ट्रस्टचा नाही, तिकीट वेगळं आणि महाग. पण बागेसाठी जाच.

जाताना लक्षात ठेवा, बाग लवकर उघडते पण घर साधारण अकरानंतर, आणि एखादा वार बंद असू शकतो, आदल्या दिवशी साइट बघा. पाठीवरची सॅक पोटावर घ्यायला लावतात किंवा लॉकरमध्ये. फोटो चालतात, फ्लॅश नाही. डबा नेला तर पार्कात चादर अंथरून खुशाल बसा, आम्ही धपाटे नेत असू.

---

पोट्टा_महालचा

काका जाऊन या, मस्त मजा करा, पण एक सांगतो न. थे वाडे काहून चांगले राहतील नाही? पैसा कोठचा आहे थो? केडलस्टनले कर्झननं इकडून नेलेल्या सामानाचं म्युझियमच आहे म्हणतात. वेल्समध्ये पॉविस किल्ल्यात क्लाइव्ह घराण्याचं सामान, त्याच्यात टिपू सुलतानच्या वस्तू. आपलं नेऊन थे लोकं जतन करून रायले आणि आपण तिकीट काढून पाहाले चाललो.

आणि इथं नागपुरात महाल भागात भोसल्यांचा जुना राजवाडा होता, काळ्या दगडाचा, लाकडावर भारी नक्षी, १८६४ मध्ये जळला, नगारखान्याचा दरवाजा तेवढा उरला. रोज त्याच्याखालून गाड्या जातात, किती लोकं मान वर करून पाहतात बे?

---

चिंचभवन_ते_नॉटिंगहॅम

@पोट्टा_महालचा, खरंय, आणि हे लपवलेलंही नाही आता. ट्रस्टने २०२० मध्ये स्वतःच अहवाल काढला की आपल्या ९३ जागांचा गुलामगिरीशी नाहीतर वसाहतींशी संबंध आहे. त्यावरून तिकडे केवढी भांडणं झाली, काही सभासद चिडले की आम्ही चहा-स्कोन खायला येतो, हे कशाला सांगता. केडलस्टनच्या त्या म्युझियममध्ये मी गेले तेव्हा मलाही आधी राग आणि मग नुसतंच विचित्र वाटलं. काकांनी बघावंच ते. आणि गंमत म्हणजे आपल्याकडचा १९०४ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणला तोही कर्झननेच. बंगालच्या फाळणीवाला कर्झन तोच, कायदावाला तोच, काय म्हणणार.

---

उमरेडरोडवाला

ताई, फार उपकार झाले. कॅल्क पक्कं. महालवाले भाऊ, तुमचंही पटलं. पण 'सापडलं तसं ठेवलं' हे वाचून थोडा गोंधळलो, आमचाही वाडा सापडला तसाच आहे की मग! गाय धरून.

---

चुनाविटा

काका, हसलो. मी संवर्धनाची कामं करतो, विदर्भातच, जास्त करून देवळं आणि वाडे. जरा लांबण लागेल.

'सापडलं तसं ठेवणं' आणि 'पडू देणं' यात फरक फक्त पाण्याचा आहे. कॅल्कला पाणी आत येत नाही, तुमच्याकडे येतं. १८७७ मध्ये विल्यम मॉरिसने तिकडे जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली, तिचा मूळ मुद्दाच हा की रोजची निगा राखा म्हणजे नव्याने बांधायची वेळ येणार नाही. जुनं पाडून जुन्यासारखं दिसणारं नवं करणं ह्याला त्यांचा कडक विरोध. म्हणून तिकडे गेलात की झुंबर नका बघू, पन्हळी बघा. छपराचं पाणी कुठून उतरतं, खाली कुठे जातं, भिंतीच्या पायाशी साचतं का. दर खोलीत एक स्वयंसेवक उभा असतो, बहुतेक तुमच्या वयाचे, त्यांना खोलीचा इतिहास सगळेच विचारतात, तुम्ही विचारा की छप्पर शेवटचं कधी केलं. बघा चेहरा कसा उजळतो.

आता ठेकेदार. त्याला जुनी भिंत खरवडू देऊ नका, हात जोडून सांगतो. तुमच्या भिंती विटा-मातीच्या आणि चुन्याच्या आहेत, त्या जमिनीतला ओलावा ओढतात आणि बाहेर सोडतात, चुना तो जाऊ देतो. वरून सिमेंट मारलं की बाहेरची वाट बंद, पाणी आतच फिरतं, वर चढतं, त्याच्याबरोबर क्षार येतात, लोणा धरतो, आणि पाच-सात वर्षांत सिमेंटचा पापुद्रा विटेची साल घेऊनच खाली येतो. मग ठेकेदार म्हणतो जुनी भिंत कमजोर होती. भिंत शंभर वर्षं उभी होती हो, कमजोर तुम्ही केली. ऑइल पेंट, प्लास्टिक पेंटचंही तेच. चुन्याची सफेदी मारा, स्वस्त पडते, श्वास घेते, आणि दर दिवाळीला मारायची पद्धत उगीच नव्हती.

चुना कळीचा आणून खड्ड्यात विरवायचा, पाण्याखाली मुरू द्यायचा, जितका जास्त तितका चांगला. विरवताना उकळतो, डोळ्यांना चष्मा लावून काम करा, पोरंबाळं लांब. त्यात वाळू आणि सुरखी, म्हणजे भाजक्या विटेची पूड, ती घातली की ओल्या जागीही पक्का होतो. गूळ, बेलफळाचा गर, हिरडा हे आपल्याकडे घालतच आलेत. प्रमाण इथे लिहीत नाही, लोक डोळे झाकून करतात आणि मग मला शिव्या देतात, तुमच्या जुन्या गिलाव्याचा तुकडा बघून ठरवावं लागतं. आणि हे काम मे महिन्यात काढू नका. नागपूरच्या पंचेचाळीस डिग्रीत चुना नुसता सुकून जातो, त्याला हळूहळू हवा पिऊन घट्ट व्हायचं असतं. पाऊस संपल्यावर, दसऱ्यानंतर.

मेआधी काय करायचं तर कवेलू. जायच्या आधी, एप्रिलमध्येच, कवेलू फेरून घ्या. फुटके काढा, खालचं बांबूचं तट्ट्या-काम बघा, जिथे कुजलंय तिथे बदला. टीन नको, उन्हाळ्यात माडीवर भट्टी होते. मला माहितेय गावात लोक टीन का टाकतात, वानरांमुळे. टोळी एकदा नाचून गेली की शंभर कवेलू गेले. वानरांवर माझ्याकडे उत्तर नाही, तिकडे इंग्लंडात विचारून या, त्यांच्याकडे खारी आहेत फक्त.

आणि सगळ्यात आधी, कवेलूच्याही आधी, वायरिंग. १९८९ मध्ये तिकडे अपपार्क नावाचा वाडा जळाला, छपरावर शिशाच्या पत्र्याचं जोडकाम चालू होतं, काम संपायला अगदी थोडे दिवस राहिलेले, तेवढ्यात ठिणगी. लोकांनी हातोहात सामान बाहेर काढलं म्हणून बरंच वाचलं, घर पुन्हा उभं राहून उघडलं १९९५ ला. २०१५ मध्ये क्लँडन पार्क गेला, तो वायरिंगच्या पेटीतल्या बिघाडाने. तुमच्या वाड्यात सागवानी खांबावर खिळे मारून नेलेली पट्टीची वायर असणार, पैज लावतो. मेन स्विच बंद करा, वाड्यात राहणाऱ्या काकांपुरतं नवीन कनेक्शन वेगळं ओढा. महालचा राजवाडा ज्याने गेला तेच अजून वाड्यांना खातं.

---

उमरेडरोडवाला

पैज जिंकलात. पट्टीचीच आहे, १९७२ ची. आणि देवघरात झिरोचा बल्ब चोवीस तास.

---

सहहिस्सेदार

मी वकील नाही पण आमच्या घरी हे सगळं भोगून झालंय (आमचा वाडा गेला, सांगायला उरला नाही), म्हणून लिहितोय.

इंग्लंडातही वाडे पडले ते वाळवीने नाही, कागदाने. त्यांच्याकडे १८९४ पासून मेलेल्या माणसाच्या इस्टेटीवर कर सुरू झाला आणि तो वाढत गेला. चॅट्सवर्थचे मालक, दहावे ड्यूक, १९५० मध्ये वारले तेव्हा तो ८० टक्के होता. त्यांनी मुलाच्या नावावर आधीच करून ठेवलं होतं, पण त्यासाठी पाच वर्षं जगणं गरजेचं होतं आणि काही आठवडे कमी पडले. मग हार्डविक हॉल, तोच वर ताईंनी सांगितलेला, करापोटी सरकारला देऊन टाकावा लागला. विसाव्या शतकात तिकडे हजाराच्या वर असे वाडे पाडले गेले. आज आपल्याला दिसतात ते उरलेले. चॅट्सवर्थवाल्यांनी १९८१ मध्ये स्वतःचा वेगळा ट्रस्ट केला, घर-बाग त्या ट्रस्टच्या ताब्यात, आणि घराणं तिथे राहतं ते ट्रस्टला भाडं देऊन. आपल्याच घरात भाडं! आमच्याकडे हे नुसतं सुचवलं असतं तरी मोठ्या काकांनी जेवण सोडलं असतं.

आपल्याकडे ते कर नाहीत आता, पण चौदा हिस्सेदार आहेत, आणि त्यातला एक जरी हिस्सा विकून मोकळा झाला की बाकीच्यांचं दुखणं सुरू. तेव्हा छपराबरोबर कागदही फेरा. वाडा गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ काढून बघा कोणाची नावं आहेत, मेलेल्या माणसांची असतील. ड्रोन मोजणी होऊन स्वामित्व योजनेत मिळकत पत्रिका निघाली असेल तर तीही. वारसांची नोंद आधी करून घ्या. मग चांगला वकील गाठून ठरवा, सगळ्यांचा मिळून ट्रस्ट, की कोणा एकाला हिस्से देऊन बाकीच्यांना बागेचा हक्क, की काय. हे करताना कोणी 'वाडा वाचवू' म्हणू नका, लगेच संशय येतो की ह्यालाच पाहिजे. 'छप्पर गळतं' एवढंच म्हणा. आमचं तिथेच चुकलं.

कृषी पर्यटनाचं राज्याचं धोरण २०२० मध्ये आलंय, शेती असेल तर तोही रस्ता आहे, पण आधीच हॉटेलची स्वप्नं नकोत. संडासाला पाणी कुठून आणणार इथूनच सुरुवात होते.

---

संत्राबर्फी

बागेबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी. चॅट्सवर्थला जोसेफ पॅक्स्टन नावाचा हेड माळी होता, तेविसाव्या वर्षी लागला. त्याने १८४४ ला जे कारंजं केलं त्याला पंप नाही, वर टेकडीवर तळं खोदलं आणि नुसत्या उताराच्या जोरावर पाणी नव्वद मीटरच्या आसपास उडलेलं नोंदलंय. तुमच्या मोटेच्या विहिरीच्या थारोळ्यातून पाट कसे जायचे ते जाऊन बघा काका, तेच शास्त्र. आमच्या आजोळी बागेत फुटभर उताराच्या हिशोबाने पाट होते, वरच्या वाफ्यात केळी, खाली मोगरा, आणि शेवटचं पाणी अळूला.

केळीवरून आठवलं. त्याच पॅक्स्टनने १८३५ मध्ये चॅट्सवर्थच्या काचघरात एक बुटकी केळ फुलवली, मालकाच्या आडनावावरून तिला कॅव्हेंडिश नाव पडलं. आज जळगावहून येणारं जी-नाइन केळं त्याच गोतातलं! म्हणजे ड्यूकच्या घरचं नाव आपण सत्यनारायणाच्या प्रसादात खातो. त्याचं ते अवाढव्य काचघर मात्र १९२० मध्ये पाडलं, पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, झाडं मेली.

कॅल्कला गेलात की बागेत लाकडी पायऱ्यांचं रंगवलेलं एक मांडण असतं, ऑरिक्युला नावाच्या फुलांच्या कुंड्या मांडायला, नाटकाच्या स्टेजसारखं. तसं जुनं फार कमी उरलंय. आणि माळ्यांसाठी खणलेलं भुयार आहे, घरच्यांना माळी दिसू नये म्हणून. तेवढं आपल्याकडे नव्हतं बाई, आमच्याकडे माळीबुवा देवघराच्या पायरीवर बसून चहा प्यायचे आणि आजीला झापायचे.

तुमची बकुळ आणि सोनचाफा कोणी तोडू नये म्हणून आत्ताच फोटो काढून नोंद करा, कुठलं झाड कुठे. रान साफ करताना जेसीबी आणू नका!! पाट आणि वाफ्यांच्या कडा मातीखाली असतात, विळ्याने करा. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर उपटू नका, भिंत घेऊन येतो, बुंध्याशी कापा, पण नुसतं कापलं तर पुन्हा फुटतो, मुळं मारायची सोय करावी लागते.

---

उमरेडरोडवाला (एप्रिल)

मंडळी, कळवायला उशीर झाला. वायर काढली. कवेलू फेरून झाले, गावात सत्तरीचे एक आजोबा आहेत त्यांना आणि त्यांच्या नातवाला येतं, बाकी कोणाला येत नाही आता. अकराशे फुटके निघाले. नवे मिळेनात तर पडलेल्या चौकाचे सांगाडे उपसून त्यातले धडके काढले. हिस्सेदारांच्या ग्रुपवर 'छप्पर गळतं' एवढंच टाकलं. चौदापैकी नऊ जणांनी पैसे पाठवले, दोघांनी नमस्काराचा हात पाठवला.

---

उमरेडरोडवाला (जून, डर्बीहून)

कॅल्क बघितलं. ताई, तुम्ही सांगितलं तरी अंगावर आलंच. त्या पलंगासमोर बायको दहा मिनिटं उभी होती, मग म्हणाली आईंचा शालू कपाटात काचेसमोर लावलाय तो गेल्यावर आधी काढू.

खुर्च्यांवर बसू नका अशी पाटी कुठेच नाही, नुसतं एक वाळकं काटेरी बोंड नाहीतर पाईनचं फळ ठेवतात सीटवर. बघून हसूच आलं. किती सभ्य.

चुनाविटा साहेब, विचारलं हो. एका खोलीत साठीच्या बाई बसल्या होत्या, मुलीने भाषांतर केलं की बाबा विचारतायत छप्पर कधी केलं. त्यांनी आधी बायकोकडे बघितलं, मग खुर्ची सोडून खिडकीशी नेलं आणि अर्धा तास पन्हळी दाखवल्या. हिवाळ्यात पानं साचतात, ती काढायलाच माणसं लागतात म्हणाल्या. शेवटी त्यांनी विचारलं तुमच्या छपराला काय असतं, मी फोनवर कवेलू दाखवले, आणि वानरं. वानरं बघून त्यांनी बाकीच्या दोघा स्वयंसेवकांना बोलावलं.

केडलस्टनला गेलो. महालवाले भाऊ, म्युझियम बघितलं, कपाटापुढे उभं राहून मला आपल्या नागपूरच्या चितारओळीची (मूर्तिकारांची गल्ली) आठवण आली का कुणास ठाऊक. फार वेळ थांबवलं नाही. पण बाहेर पार्कात एक खंदक आहे, गुरं आत येऊ नयेत म्हणून, जवळ जाईपर्यंत दिसतच नाही, त्याला म्हणे 'हा-हा' म्हणतात. बायको म्हणाली हे गाईसाठी आपल्याकडे करा.

---

पोट्टा_महालचा

हा-हा. बरं काका, परत आले की सांगा. कवेलू फेराले मी पण येतो पुढच्या वर्षी, शिकून तर घेऊ.

---

उमरेडरोडवाला (जुलै)

आलो परत. काल पावसात वाड्यावर गेलो होतो. पुढचा चौक कोरडा. माडीवर एका जागी ठिपकतंय, तिथे वानरं बसून गेलीत. देवघराच्या भिंतीला लोणा आहे पण वाढला नाही.

पुण्याच्या चुलतभावाने, ज्याने नमस्काराचा हात पाठवला होता त्याने, काल रात्री फोन केला. आजीचं जातं अजून आहे का विचारलं. आहे म्हटलं, न्हाणीघराशेजारी. मग बराच वेळ लेआउटवाल्याबद्दल काहीच बोलला नाही, आणि म्हणाला दसऱ्याला येतो.

तर दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी चुन्याचा खड्डा बघायला चुनाविटा साहेब येतायत. संत्राबर्फीताई, तुम्हीही या, पाट कुठून कुठे होते ते तुमच्याशिवाय कळणार नाही. सकाळी सहाला सक्करदरा चौकातून निघू, माझ्या गाडीत तीन सीट आहेत. विळे मी आणतो, डबा आपापला. काका चहा करतील, दूध घरचं आहे.